आई-बाबांना एशियन रेस्टॉरंटमध्ये न्यावं का? बडोद्यातला माझा अनुभव

ताई, सांगलीहून आई-बाबा येताहेत, दोघं पक्के शाकाहारी, आई चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत, आणि मांजलपूरला तुमच्या घराजवळ नवं एशियन फ्यूजन रेस्टॉरंट उघडलंय. त्यांना तिथे न्यावं का आणि काय मागवावं, असं तुम्ही विचारलंय. न्या, अगदी नक्की न्या. फक्त जायच्या आदल्या दिवशी तिथे एक फोन करा.

फोनचं एवढं का म्हणते, ते सांगते. सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला आम्ही सगळे दांडिया बाजारातून निघून शहरातल्या एका हॉटेलात गेलो होतो. व्हेज थाय रेड करी मागवली. सासऱ्यांना इतकी आवडली की त्यांनी भात दोनदा घेतला. निघताना मी सहज विचारलं, मसाला इथेच वाटता का? वाढणारा मुलगा आत जाऊन पेस्टचा डबाच घेऊन आला. घटकांच्या यादीत कोळंबी होती. थाय करीच्या वाटणात आंबवलेल्या कोळंबीची पेस्ट घालायची मूळ पद्धतच आहे, आपल्याकडे कोकणात जवळा घालतात तशी. हॉटेलवाल्यांच्या लेखी चिकनऐवजी भाज्या घातल्या की झालं व्हेज. सासरे एक शब्द बोलले नाहीत. हातातला पेला खाली ठेवला आणि चूळ भरायला उठले. आज इतक्या वर्षांनीही ते आठवलं की माझ्या पोटात तुटतं.

तुमच्या जवळचं रेस्टॉरंट शुद्ध शाकाहारी असेल, तर अर्धी काळजी मिटली. बडोद्यात तशी पुष्कळ आहेत. दोन्ही प्रकारचं जेवण मिळत असेल, तर मात्र नावं घेऊन विचारा. करीची पेस्ट कुठली? फिश सॉस कशाकशात आहे? ऑयस्टर सॉस म्हणजे कालवांचा अर्क, पण त्याच चवीचा मशरूमचा सॉसही मिळतो, तो वापरता का? मिसो सूपमधला मिसो सोयाबीनचा असतो, पण त्याचं पाणी बहुधा वाळवलेल्या माशाच्या कातळ्या उकळून काढतात. किमचीत, म्हणजे कोरियन पद्धतीच्या आंबवलेल्या कोबीतही फिश सॉस नाहीतर खारवलेली कोळंबी असू शकते. नूडल्स अंड्याचे आहेत का, हेही विचारायचं. दुपारी चारच्या सुमाराला फोन केलात तर स्वयंपाकघरातलं कुणीतरी नीट बोलतं. रात्री साडेआठला नुसतं ‘हो, हो, व्हेज आहे’ एवढंच ऐकू येईल.

आता कांदा-लसणाचं. सगळ्यात सोपं म्हणजे आई-बाबांना कांदेनवमीच्या आधी बोलवा! ते जमणार नसेल तर ऑर्डर देताना ‘जैन’ म्हणू नका. आपल्याकडे जैन म्हटलं की बटाटा, गाजर, आलं सगळंच काढून टाकतात आणि ताट फिकं पडतं. ‘कांदा-लसूण नको, आलं आणि कंदमुळं चालतील’ असं सविस्तर सांगा. डब्यातल्या पेस्टमधला कांदा कुणाला वेचून काढता येत नाही, तेव्हा चातुर्मासात करीच्या वाटेला जाऊच नका.

मागवताना जिभेला ओळखीचं असेल तिथून सुरुवात करा. माझ्या सासूबाई आधी यायलाच तयार नव्हत्या. पहिलं टॉम यम सूप आलं (ते फिश सॉसशिवाय करून घेतलं होतं), त्यांनी वाटी नाकाशी नेली आणि म्हणाल्या, ‘अगं, हा तर गवती चहा!’ खरंच तोच असतो. सोबत लिंबाच्या जातीतलं एक जाड पान आणि आल्यासारखा गलांगल. ही पानं आणि काड्या चावायच्या नाहीत, कढीपत्त्यासारख्या बाजूला काढायच्या, हे वडीलधाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. सूप वन बाय टू पुरतं.

मग वाफवलेले डिमसम, म्हणजे आत सारण भरलेल्या छोट्या पुरचुंड्या. पारदर्शक पारीचे मागवा. ती गव्हाचं सत्त्व आणि टॅपिओकाचं पीठ उकळत्या पाण्यात भिजवून करतात. आपला साबुदाणाही त्याच कंदाचा. सासूबाईंनी एक डिमसम चमच्यात धरून त्याच्या कळ्या मोजल्या, आणि तिथून पुढे अर्धा तास मोदकाच्या उकडीवर गप्पा रंगल्या. ते जेवण मी कधी विसरणार नाही.

चातुर्मास नसेल तर मुख्य जेवणात खाऊसुए घ्या. मूळ ब्रह्मदेशातलं, पण सुरतेत ते खावसा म्हणून कधीचंच रुळलंय. नारळाच्या दुधातल्या रश्शाला चक्क बेसन लावतात, आपण कढीला लावतो तसं. त्यात नूडल्स, आणि वरून तळलेला कांदा, दाणे, कोथिंबीर, लिंबू ज्याने त्याने आपल्या चवीनं घालायचं. बाबांना हे नक्की आवडेल. चातुर्मास असेल तर काकडीची सुशी चालेल. भाताला व्हिनेगर, साखर, मीठ लावतात आणि बाहेरचा काळा पापुद्रा समुद्री शेवाळाचा असतो. हिरवा वासाबी बाबांना कणभरच द्या, तो थेट नाकात चढतो. मंचुरियन मुद्दाम मागवायची गरज नाही. ते मुंबईत जन्मलेलं, त्यांनी सांगलीतही खाल्लेलं असणार.

चॉपस्टिकचा आग्रह धरू नका, बसल्या बसल्या काटे-चमचे मागून घ्या. चौघांत तीन पदार्थ मागवा, संपले तर पुढचं बघा. शेवटी मँगो स्टिकी राइस असेल तर पोटात जागा ठेवा. चिकट भात, गोड नारळाचं दूध, त्यात चिमूटभर मीठ आणि वर आंब्याच्या फोडी. नारळीभात करणाऱ्या बाईला त्यात काहीच परकं वाटणार नाही. आमच्या सासूबाईंनी दुसऱ्याच आठवड्यात तो घरी आंबेमोहोराचा करून पाहिला आणि वरून वेलची घातली.