वाचक विचारतात: पट्टचित्र घडीवर तडकलं, आता?

प्रश्न: ओडिशातल्या रघुराजपूरहून आणलेलं जगन्नाथाचं पट्टचित्र घडी घालून ठेवलं होतं. घडीवर रंगाचे टवके उडालेत. मागून इस्त्री फिरवू का?

उत्तर: अजिबात नको. पट्ट म्हणजे चिंचोक्याच्या खळीने एकमेकांना चिकटवलेले सुती कापडाचे थर. त्यावर खडूची पूड आणि खळ यांचा लेप देऊन तो दगडाने घोटतात. लेप ताठ असल्याने घडीवर तडकतो आणि रंगासकट सुटतो. इस्त्रीच्या वाफेने खळ ढिली होऊन उरलेलाही निघेल. चित्र रंगाची बाजू वर करून सपाट फळीवर काही दिवस नुसतं पसरून ठेवा. फ्रेम करताना काच रंगाला टेकू देऊ नका, मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच. गुंडाळायचंच असेल तर जाड नळीवर, रंग बाहेरच्या बाजूला ठेवून. ओल्या फडक्याने पुसू नका, पारंपरिक रंगात कवठाचा डिंक असतो, तो पाण्याने सुटतो. खळीला कसर लागते, तेव्हा मागची बाजू अधूनमधून बघा.

प्रश्न: रंग विषारी असतात का?

उत्तर: पारंपरिक पिवळा हरताळाचा, म्हणजे आर्सेनिकचा, लाल हिंगुळाचा, म्हणजे पाऱ्याचा. चित्राबाहेर सांडलेला चुरा ओल्या कागदाने टिपा, हात धुवा. टवके परत चिकटवणं मात्र चित्रसंवर्धकाचं काम, घरच्या फेव्हिकॉलचं नव्हे.