हेड आणि कॅम घरी बदलताना: आधी मोजा, मग आवळा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 1999 ची सी5 कॉर्व्हेट, आतलं मूळ एलएस1 इंजिन, गाडी तुमच्याच गॅरेजमध्ये जॅकस्टँडवर, हाताशी बऱ्यापैकी हत्यारं. पोर्ट केलेली हेडं (व्हॉल्व्ह असलेला इंजिनचा वरचा भाग, हवेच्या वाटा सुधारलेला) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) स्वतः बसवायचाय. दोन दिवसांत होईल का, आणि कॅम मिळेल तितका मोठा घ्यावा का?

दोन दिवसांत उघडून परत बांधता येईल, तपासून होणार नाही. आणि मोठा कॅम घेऊ नका. माझी ही तिसरी हेड-कॅम जोडी झाली. तिन्ही वेळा पाना चालवण्यापेक्षा डायल आणि फिलर गेज हातात घेऊन बसण्यातच जास्त वेळ गेला. ज्या एका वेळी तरीही घाई केली, त्या वेळचं खाली सांगतो.

आधी कॅम. कंपनीच्या एलएस1 कॅमचा कालावधी (क्रँकचे किती अंश व्हॉल्व्ह उघडा राहतो), 50 थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लिफ्टला मोजला तर, 200 अंशांच्या आसपास आहे. बाजारात 224/228 (इनटेक/एक्झॉस्ट) पासून 240 च्या पुढेपर्यंत सगळं मिळतं, आणि आयडलला गुरगुरणारा व्हिडिओ पाहिला की माणसाचा हात आपसूक मोठ्या आकड्याकडे जातो. पण कालावधी वाढला की इंजिनचा जोर वरच्या आरपीएमकडे सरकतो, आयडलला मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम पडतो, आणि ब्रेकचा बूस्टर त्याच व्हॅक्यूमवर जगतो. रोज सिग्नलला थांबणारी गाडी असेल तर 224/228 आणि 112 अंशांचं लोब सेपरेशन (कॅमवरच्या इनटेक आणि एक्झॉस्ट उंचवट्यांच्या शिखरांमधलं अंतर) ही जागा मला सुखाची वाटते. ट्रॅकवरच पळवणार असाल तर गोष्ट वेगळी. एक दाखला कंपनीचाच घ्या. याच 5.7 लिटरवर जनरल मोटर्सने हेड, कॅम आणि इनटेक सुधारून एलएस6 काढलं. 2002 मध्ये ते 405 अश्वशक्ती देत होतं, तेव्हाचं एलएस1 350. त्यातला कॅम 204/218 चा होता, म्हणजे तुमच्या डोक्यात असलेल्यापेक्षा बराच लहान. हेड चांगलं असेल तर कॅमला आरडाओरड करावी लागत नाही.

आता हेड. चेंबर (हेडमधली ज्वलनाची पोकळी) किती सीसीचं आहे ते विक्रेत्याच्या कागदावरून घेऊ नका. ब्युरेट आणि ॲक्रिलिकची पट्टी घेऊन स्वतः मोजा. एलएस1 च्या एका सिलिंडरचं आकारमान साधारण 708 सीसी येतं. मूळ कॉम्प्रेशन गुणोत्तर 10.1 धरलं आणि तुमचं चेंबर मूळच्यापेक्षा पाच सीसीने लहान निघालं, तर तुम्ही 10.7 च्या आसपास पोचता. चांगल्या पेट्रोलवर हे चालतं. पण हेड तासून घेतलंय का हे विचाराच, कारण सहा-सात थाउ तासले की चेंबर साधारण एक सीसीने घटतं आणि व्हॉल्व्ह तितकाच पिस्टनच्या जवळ येतो. एलएस1 चा पिस्टन सपाट आहे, व्हॉल्व्हसाठी खोबणी नाही. तिथेच गोम आहे.

व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर मी मातीनेच बघतो. पोरं खेळतात तीच मऊ माती. पिस्टनच्या डोक्यावर तेलाचा हात फिरवून दोन्ही व्हॉल्व्हच्या जागी मातीची पट्टी दाबायची, जुनं गॅस्केट ठेवून हेड हलकं आवळायचं, त्या सिलिंडरला तपासणीच्या हलक्या स्प्रिंगा लावायच्या (मूळ स्प्रिंगा ठेवल्या तर कॅमवर बसणारा हायड्रॉलिक लिफ्टर दबतो आणि माप खोटं येतं), आणि क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवायचा. मधेच अडलं तर जोर लावू नका, मागे या. मग हेड उचलून ब्लेडने माती मधोमध कापायची आणि सगळ्यात पातळ जागी व्हर्नियरने मोजायचं. इनटेकला निदान 80 थाउ, म्हणजे 2 मिमी, आणि एक्झॉस्टला 100 थाउ, म्हणजे 2.5 मिमी, एवढं हवंच. एक्झॉस्टला जास्त, कारण तो व्हॉल्व्ह जास्त तापतो आणि वर येणारा पिस्टन बंद होणाऱ्या व्हॉल्व्हच्या मागे लागलेला असतो. स्प्रिंग थोडी जरी तरंगली, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेत बंद करू शकली नाही, तरी गाठ पडते. माझ्या दुसऱ्या गाडीत एक्झॉस्टला माती 70 थाउच निघाली. कापलेल्या मातीत व्हॉल्व्हची कड चंद्रकोरीसारखी स्पष्ट उमटली होती. मी कॅम परत केला.

कॅम अंशांत तपासणं बरेच जण टाळतात, 'ठिपक्याला ठिपका जुळला की झालं' म्हणतात. टायमिंग गिअरवरचा क्रँकचा ठिपका बाराच्या आणि कॅमचा सहाच्या जागी आणायचा असतो हे बरोबर, पण त्यातून गिअर जागेवर बसलाय एवढंच कळतं, कॅम कसा घासलाय ते नाही. हेड उतरलेलं असताना पिस्टनवर डायल लावून खरा टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असण्याची जागा) काढा. मग पहिल्या सिलिंडरच्या इनटेक लिफ्टरवर डायल ठेवून सर्वोच्च बिंदूच्या अलीकडे 50 थाउ आणि पलीकडे 50 थाउ या दोन्ही जागांचे अंश लिहा. समजा 78 आणि 142 आले, तर बेरीज करून निम्मे, 110. कॅमच्या कार्डवर 110 असेल तर पुढे चला. चार अंशांचा फरक दिसला तर आधी टीडीसीच चुकला का बघा. बहुतेक वेळा तोच चुकलेला असतो.

पुशरॉडची (लिफ्टरची हालचाल वर नेणाऱ्या काडीची) लांबी अशीच. मूळ 7.400 इंच. कॅमचा बेस सर्कल (उंचवटा सोडून उरलेला गोल भाग) लहान झाला, हेड तासलं, गॅस्केट पातळ घेतलं, यातल्या कशानेही ती बदलते. लांबी कमीजास्त करता येणारा तपासणीचा पुशरॉड घ्या आणि लिफ्टरच्या निर्मात्याने सांगितलेल्या प्रीलोडप्रमाणे (लिफ्टर आधीच किती दाबून ठेवायचा) लांबी ठरवा. इथे आळस केला तर टॅपेटचा कटकट आवाज जन्मभर ऐकाल. स्प्रिंग कॅमच्या लिफ्टला पुरते का, आणि पूर्ण लिफ्टला वेटोळी एकमेकांना टेकायला निदान 60 थाउ उरतात का, तेही बघून घ्या. त्यावर जास्त लिहीत नाही, स्प्रिंगच्या डब्यावरच असतं.

उतरवण्याचं काम तुम्हाला जमेल, त्यामुळे फक्त फसवणाऱ्या जागा सांगतो. सी5 मध्ये क्रँकची पुली काढायला स्टीअरिंग रॅक खाली सरकवावा लागतो, हे आधी कळलं तर शिव्या वाचतात. त्या पुलीला जागेवर धरणारी खिट्टी (key) नाही, ती निव्वळ घट्ट बसण्यावर आणि बोल्टवर टिकते. म्हणून बसवताना जुन्या बोल्टने पुली पूर्ण आत ओढा, मग नवा बोल्ट 50 न्यूटन-मीटर आणि वर 140 अंश. जुनाच बोल्ट ठेवू नका. कॅम बाहेर ओढताना आणि आत घालताना त्याच्या तोंडाला लांब बोल्ट लावून मूठ करा आणि फिरवत फिरवत न्या. बेअरिंगचा धातू मऊ असतो, लोबची कड एकदा घासली की ओरखडा राहतोच. ब्लॉकवरचं जुनं गॅस्केट प्लॅस्टिकच्या पट्टीने आणि द्रावकाने काढा. ड्रिलला लावायची खरखरीत चकती वापरू नका. तिची भुकटी तेलात जाते आणि मेन बेअरिंग खाते.

हेड बोल्टची भोकं तळाशी बंद आहेत आणि ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे. हेड उचललं की कूलंट त्यात हमखास उतरतं. तसाच बोल्ट आवळला तर अडकलेलं पाणी दबत नाही, ब्लॉक फुटतो. प्रत्येक भोकात बारीक नळीने हवा मारा, काडीला कापड गुंडाळून तळापर्यंत घाला, कापड कोरडं येईपर्यंत थांबू नका. मोठे एम11 बोल्ट एकदा ताणून वापरायचे असतात, नवेच घ्या. तुमच्या 1999 च्या ब्लॉकला त्यांच्या दोन लांब्या आहेत: सगळ्यांना आतून बाहेर या क्रमाने आधी 30 न्यूटन-मीटर, मग 90 अंश, शेवटी लांबांना आणखी 90 आणि आखूडांना 50. छोटे एम8 सगळ्यात शेवटी, 30 न्यूटन-मीटर. 2004 पासून बोल्ट एकाच लांबीचे झाले आणि शेवटचे अंशही बदलले, म्हणून दुसऱ्याच्या गाडीचे आकडे उचलू नका.

आता माझी चूक. पहिल्या वेळी टायमिंग चेन बदलायला ऑइल पंप काढला. परत लावताना तेल खेचणाऱ्या नळीच्या तोंडावरची ओ-रिंग (रबरी कडी) नीट बसत नव्हती. रात्र झाली होती, मी बोल्टनेच नळी आत ओढून घेतली. पहिल्या स्टार्टला दाब यायला उशीर झाला, आला तेव्हा काटा थरथरत होता. पुन्हा पुली, पुन्हा रॅक, पुन्हा सगळं. ओ-रिंग एका बाजूने चिरलेली, चिरेतून हवा खेचली जात होती. नवी ओ-रिंग तेलाने भिजवून नळी हाताने सरळ आत ढकलली की ती 'टप्' अशी बसते. बोल्ट नुसता धरायला असतो.

पहिल्यांदा चालू करण्याआधी इंधन आणि इग्निशन बंद ठेवून क्रँक मारा, तेलाचा दाब दिसेपर्यंत. रोलर लिफ्टर असल्यामुळे सपाट टॅपेटसारखं वीस मिनिटं वरच्या आरपीएमवर ठेवण्याची गरज नाही, थोडं गरम होऊ द्या आणि गळती बघा. पण ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं) ट्यूनिंग नव्या कॅमप्रमाणे झाल्याशिवाय पेडल तळाला दाबू नका. मूळ प्रोग्रॅमला या कॅमची हवा कळत नाही, आयडलला तो गोंधळतो, आणि वर मिश्रण पातळ झालं तर पिस्टन जातो. वाइडबँड सेन्सर (धुरावरून मिश्रण मोजणारा) लावून ट्यूनरकडे ट्रेलरवर गाडी नेली तरी त्यात लाज नाही.

माती, डायल आणि पुशरॉडची मापं आली की इथेच टाका. आकडे बघून सांगतो कॅम ठेवायचा की परत पाठवायचा. परतीची मुदत संपायच्या आत मात्र.