एम-थ्री राहिलाय, क्लास लावू का?

बार्शीकडच्या एका वडिलांचं पत्र आहे, थोडक्यात सांगतो. त्यांचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे, मुलगा मेकॅनिकलचा डिप्लोमा करून पुण्यात डायरेक्ट सेकंड इयरला गेला आणि वर्षाच्या शेवटी एम-थ्री (इंजिनिअरिंग मॅथ्सचा तिसरा पेपर) आणि एसओएम (स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, म्हणजे कोणता भाग किती भार सोसेल त्याचा विषय) दोन्ही राहिले. मुलगा म्हणतो सर नीट सांगत नाहीत, विचारायला गेलं की "आधी करून आण" म्हणून परत पाठवतात. एका क्लासवाल्याने पास व्हायची गॅरंटी दिलीये, पण पूर्ण फी आत्ताच पाहिजे, वर फायनल इयरचा प्रोजेक्टही बघून घेऊ म्हणालाय. वडिलांचा प्रश्न, सर एवढा पगार घेतात मग हे त्यांचं काम नाही का, आणि क्लास लावू का नको?

दादा, नमस्कार. पगाराचं आधी सांगतो म्हणजे ते बाजूला होईल. प्रायव्हेट कॉलेजात सगळ्यांनाच आयोगाचा पगार मिळतो असं अजिबात नाही, कित्येक जण कॉन्ट्रॅक्टवर आहेत. नियमाने असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास शिकवायचं असतं, पण त्यावर पेपर तपासणी, ॲडमिशनची ड्युटी, नॅकच्या (कॉलेजला ग्रेड देणाऱ्या संस्थेच्या) फायली असं बरंच काही येऊन पडतं. एआयसीटीईच्या (इंजिनिअरिंग कॉलेजांचे नियम ठरवणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या) हिशोबाने २० मुलांमागे एक शिक्षक, प्रॅक्टिकलच्या बॅचला तेवढीच पोरं समोर असतात आणि लेक्चरला अख्खा वर्ग. सर कामचुकार नसतातच असं मी म्हणणार नाही, असतात काही, पण "आधी करून आण" म्हणणारा मास्तर मला तरी कामचुकार वाटत नाही.

तुम्हालाच विचारतो, गिऱ्हाईक गाडी न आणता फोनवर म्हणालं की इंजिनातून आवाज येतोय, काय झालं असेल, तर तुम्ही काय सांगणार? गाडी घेऊन या म्हणाल. सरांचं तेच चाललंय. मुलगा जाऊन म्हणतो "सर, एसओएम कळत नाही", यावर कुणीही काहीही करू शकत नाही. तोच मुलगा बीमचं (तुळईचं) अर्धवट सोडवलेलं गणित घेऊन गेला तर सरांना मिनिटभरात दिसेल की ४ मीटरवर १० किलोन्यूटन पर मीटरचा लोड आहे, तो एकूण ४० होऊन मधोमध धरायचा, याने नुसता १० धरलाय, त्यामुळे रिॲक्शन (टेकूंवर येणारा जोर) चुकली आणि पुढचा शिअर फोर्सचा आणि बेंडिंग मोमेंटचा सगळा डायग्राम चुकला. अशी एक सवय सुटली की एकाच गणितातले नाही, त्या टाइपच्या सगळ्या गणितांतले मार्क वाचतात. पण त्यासाठी मुलाच्या हाताने लिहिलेली, खाडाखोड असलेली वही पाहिजे. मित्राच्या वहीतून उतरवलेलं किंवा चॅटजीपीटीने काढून दिलेलं स्वच्छ उत्तर दाखवलं तर त्यात मुलाची चूक सापडणारच नाही ना.

आता एम-थ्रीचं, कारण तिथे गोष्ट वेगळी आहे आणि यात मुलाचा दोष कमी आहे. बारावी सायन्सवरून आलेल्या पोरांनी इंटिग्रेशन बारावीला घासलेलं असतं, मग एम-वन, एम-टू होतं. तुमच्या मुलाने डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी बेसिक आणि अप्लाइड मॅथ्स केलं आणि पुढची दोन वर्षं गणिताचा पेपरच नव्हता. त्यात डायरेक्ट सेकंड इयरच्या ॲडमिशन उशिरापर्यंत चालतात, पोरं वर्गात येईपर्यंत शिकवणं पुढे गेलेलं असतं. एम-थ्रीचे सर लाप्लास ट्रान्सफॉर्म शिकवतात तेव्हा पार्शल फ्रॅक्शन आणि बाय पार्ट्स या इंटिग्रेशनच्या रीती येतात असं धरून चालतात, ते धरल्याशिवाय त्यांचा सिलॅबस संपणारच नाही. वर्गातल्या सरांकडून हे दोन-तीन वर्षांचं भोक बुजणार नाही, ते त्यांना जमण्यासारखंही नाही. इथे बाहेरचा शिकवणारा लागतो, पण कोणता ते बघा.

एक उदाहरण देतो, मुलाला वाचायला द्या. एक डिफरन्शियल इक्वेशन आहे, डावीकडे डी स्क्वेअर प्लस ४ (डी म्हणजे डिफरन्शिएट करायची खूण), उजवीकडे साइन २एक्स. पोरांनी पाठ केलेलं असतं की डी स्क्वेअरच्या जागी वजा ४ टाकायचे. टाकले की खाली शून्य येतो आणि पोरगं तिथेच थांबतं. क्लासवाला सांगेल ही केस ऑफ फेल्युअर, एक्सने गुण, खालचं डिफरन्शिएट कर, उत्तर वजा एक्स बाय ४ कॉस २एक्स, पुढचं गणित घ्या. मार्क मिळतात, खोटं नाही. चांगला शिकवणारा याच्या पुढे पाच मिनिटं जास्त घालवेल आणि सांगेल की साइन २एक्स हे त्या सिस्टिमचं स्वतःचंच कंपन आहे, त्याच फ्रिक्वेन्सीने बाहेरून ढकललं की हेलकावा वाढतच जातो, उत्तरात तो एक्स येतो तो त्यामुळे. यालाच रेझोनन्स म्हणतात, पुढे व्हायब्रेशनच्या विषयात हेच परत येतं. तुम्हाला हे सांगायची गरज नाही, ठराविक स्पीडलाच हँडल थरथरणाऱ्या गाड्या तुम्ही रोज बघता, आणि खरं तर मुलाला हे तुमच्या गॅरेजमध्येच समजावून सांगता येईल.

म्हणून मला विचाराल तर एम-थ्रीसाठी मोठ्या बॅचचा गॅरंटीवाला क्लास नको, दोन-तीन महिने एकट्याला किंवा तीन-चार पोरांना शिकवणारं कुणीतरी बघा, जो आधी डिप्लोमा आणि बारावीचं इंटिग्रेशन करून घेईल. एमएस्सी मॅथ्स झालेली बरीच मुलं-मुली पुण्यात हे करतात, मराठीत समजावतात, त्याचा फरक पडतो. आयआयटीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएलची लेक्चर फुकट आहेत आणि चांगली आहेत, पण मुलगा कुठे अडकलाय ते त्यांना दिसत नाही, आणि ज्याचा पायाच कच्चा आहे तो तिसऱ्या व्हिडिओला सोडून देतो. एसओएमसाठी पैसे घालवू नका, कॉलेजच्या सरांकडेच जा, वही घेऊन, आठवड्यातून एक ठरलेली वेळ मागून. देत नसतील तर मेंटॉर नेमलेला असतो त्यांना सांगायचं, मग एचओडी (विभागप्रमुख).

पासची गॅरंटी म्हणजे काय तेही समजून घ्या. विद्यापीठाचा पेपर क्लासवाला काढत नाही आणि तपासतही नाही, कॉलेजच्या सरांच्या हातातही तो निकाल नसतो. क्लासवाल्याकडे असतात जुने पेपर आणि कोणता प्रश्न वारंवार येतो याचा अंदाज. ते वाईट नाही, शेवटच्या महिन्यात उपयोगी पडतं, पण ते जुने पेपर मुलाला सीनियरकडून एका चहावर मिळतील. तरीही लावायचाच असेल तर आधी दोन लेक्चर बसू द्या, शिकवणार कोण ते विचारा (जाहिरातीत एक सर, वर्गात दुसरेच असं होतं), फी महिन्याची भरा.

प्रोजेक्टचं मात्र तिथल्या तिथे नाही म्हणा. विकत घेतलेला प्रोजेक्ट एक्स्टर्नलसमोर (बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर) उभं राहून मुलालाच समजावायचा असतो, हाच गिअर रेशो का घेतला एवढं विचारलं तरी बोंब, आणि नंतर इंटरव्ह्यूला सगळ्यात जास्त प्रश्न प्रोजेक्टवरच येतात.

फी भरायच्या आधी आणखी एक काम. निकालानंतर उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागता येते, पण तारीख ठराविक असते, ती गेली की गेली. दोन्ही पेपरची मागवा आणि त्या-त्या विषयाच्या सरांना दाखवा. रिव्हॅल्युएशनला टाकण्यात अर्थ आहे का ते तेच सांगू शकतात, आणि मार्क वाढोत न वाढोत, मुलगा नेमका कुठे चुकतो ते त्याच कागदावर दिसेल. जो कुणी शिकवायला ठेवाल त्याच्याही हातात पहिल्या दिवशी तीच द्या. दोन विषय राहून थर्ड इयरला बसता येतं का, हा नियम विद्यापीठाप्रमाणे आणि पॅटर्नप्रमाणे बदलतो, तो क्लासवाल्याकडून ऐकू नका, कॉलेजच्या एक्झाम सेक्शनला विचारा. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या लाइव्ह बॅकलॉग (अजून न निघालेला विषय) असलेल्याला बसू देत नाहीत, तेव्हा दोन्ही विषय फायनल इयरच्या आधी निघाले पाहिजेत, त्या हिशोबाने वेळ अजून आहे.