64 जीबी रॅमच्या लिनक्स फाइल सर्व्हरवर स्वॅपिनेस किती ठेवावा? मोठी कॉपी सुरू झाली की सगळ्यांचं काम अडकतं.

स्वॅपिनेस (रॅममधलं डिस्कवरच्या स्वॅपमध्ये हलवायची कर्नलची ओढ) 10 ठेवा आणि विसरून जा. तुमचं दुखणं तिथे नाहीच. स्वॅप किती वापरात आहे ते बघा, बहुतेक शून्याजवळ असेल, मग डिफॉल्टचा 60 राहिला काय नि 10 केला काय.

एवढं ठासून सांगतोय कारण यावरून आमच्याकडे जाम वाजलंय. पुण्यात एका व्हिडिओ एडिटिंगवाल्यांकडे सांबा सर्व्हर (विंडोजवाल्यांना फाइल्स वाटणारा) होता, साध्या साटा डिस्कचं रेड 6 (अनेक डिस्क जोडून केलेली साठवण). संध्याकाळी शूटची कार्डं आली की कॉपी लागायची, सुरुवातीला सुसाट आणि मग धाडकन ठप्प, साधा फोल्डर उघडायचा तरी एक्सप्लोरर पांढरा पडून बसायचा. आमचे सर म्हणाले रॅम कमी पडतेय. 64 ची 128 केली, तर ठप्प होणं अजून लांबलं! मी कर्नलच्या मेमइन्फो फाइलमधली 'डर्टी'ची ओळ (रॅममध्ये साठलेला, डिस्कवर अजून न लिहिलेला डेटा) वॉच लावून बघत बसलो, आकडा 10 जीबी, 15, 20 असा चढतच चाललेला. कर्नलचा डर्टी रेशो 20 टक्के (एवढं साठलं की लिहिणाऱ्यालाच अडवतो), बॅकग्राउंडचा 10 (इथून मागच्या मागे डिस्कवर लिहायला लागतो), तेही मोकळी होऊ शकणाऱ्या मेमरीचे, म्हणजे 128 वर वीस-पंचवीस जीबी न लिहिलेला डेटा साठू शकतो आणि खाली डिस्क लिहिणार सेकंदाला 300 एमबी, करा हिशोब. टाकी मोठी केली, नळ तेवढाच. सरांना स्क्रीन दाखवली तर म्हणे डिफॉल्टला हात लावायचा नसतो. अहो, मग रॅमच्या कोटेशनवर सही कशाला केली?

असो. टक्के सोडा, बाइट्समध्ये द्या: डर्टी बॅकग्राउंड बाइट्स 256 एमबी, डर्टी बाइट्स 1 जीबी. रेशो आपोआप 0 दिसायला लागतो, घाबरू नका, दोन्हीतलं एकच चालतं. लाखो बारक्या फाइल्स असतील तर व्हीएफएस कॅश प्रेशर (फाइल-फोल्डरची माहिती रॅममधून किती घाईने काढायची तो आकडा) 100 चा 50 करा, फोल्डर पटकन उघडतात. हे सगळे आकडे sysctl.d फोल्डरमधल्या फाइलमध्ये लिहून ठेवा नाहीतर रीबूटला सगळं पुसलं जाईल.

हां, कॉपीचा सुरुवातीचा स्पीड आता कमी दिसणार, त्यावरून कोणीतरी ओरडेलच, तो आधीचा स्पीड रॅमचा होता हे समजवा. बॅटरीवालं रेड कार्ड असेल तर 1 जीबीपेक्षा जास्त द्यायला हरकत नाही. आणि झेडएफएस (स्वतःची कॅश सांभाळणारी फाइल सिस्टिम) असेल तर हे डर्टीवालं सगळं सोडा, त्याचा संसार वेगळा आहे.