धार लावायच्या धंद्यासाठी पाण्यावरचं मशीन घ्यावं, की साधा बेंच ग्राइंडर पुरतो?

तुम्हाला भुसावळला धार लावायचं दुकान टाकायचंय. पाण्यात फिरणाऱ्या दगडाचं महागडं मशीन घ्यावं की बेंच ग्राइंडरवर भागेल, आणि रोजचे किती सुटतात, एवढं तुम्ही विचारलंय. खाली आणखी एक ओळ जोडलीय : कुणा जुन्या धारवाल्याने तुम्हाला सांगितलं की ठिणग्या उडाल्या नाहीत तर गिऱ्हाईक पैसे देताना कुरकुरतं. हेच वाक्य आमचे काका जळगावात बसून आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात. म्हणून हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो.

पाण्याचंच घ्या. ठिणगी म्हणजे गिऱ्हाईकाच्याच पात्याचं पोलाद, जळत उडालेलं. ते बघून खूश होणाऱ्याला खूश ठेवायचं की त्याचं पातं वाचवायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी माझं ठरवलंय.

आता यातली मेख बघा. आठ इंची दगडाचा बेंच ग्राइंडर मिनिटाला २८०० च्या आसपास फेरे घेतो. म्हणजे दगडाची कड सेकंदाला तीस मीटरच्या घरात पळते. पाण्याच्या मोठ्या मशीनचा दगड २५० मिलिमीटरचा, पण फेरे फक्त ९०. कड सेकंदाला सव्वा मीटरसुद्धा जात नाही आणि सतत ओली असते. स्वीडनची टॉरमेक कंपनी १९७३ पासून या धंद्यात आहे. बाजारात दिसणारी बरीचशी स्वस्त मशीनं तिच्याच वळणावर गेलेली आहेत.

पात्याच्या पाठीला उष्णता पसरायला जागा असते. धारेपाशी पोलाद इतकं पातळ की उष्णता जाणार कुठे? साध्या पोलादाचं पातं पाणी देऊन, म्हणजे लाल तापवून एकदम गार करून कडक केल्यावर, पुन्हा २०० अंशांच्या आसपास तापवून बसवलेलं असतं. कोरड्या दगडावर जरा जास्त वेळ दाबलं की तेच टोक बघता बघता ३०० वर जातं. आधी पिवळसर झाक येते, मग तपकिरी, मग जांभळी, मग निळी. निळं दिसलं की तिथलं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं. नंतर डब्यात बुडवून चर्र आवाज काढला तरी ते परत चढत नाही. बफ मारून निळा रंग घालवता येतो, पण खालचं पोलाद मऊ ते मऊच.

काकांचं आणि माझं वाजलं ते इथे. आमचा धंदा घरचा. मी हे मशीन घेतलं तेव्हा काका म्हणाले, "एवढ्या पैशात जुनी बाईक आली असती, चार गावं फिरून धंदा केला असता. आता बस पाण्यात दगड फिरवत." मी मागच्या गल्लीत वेगळं बसलो. दोन वर्षं आम्ही लग्नकार्यातही फक्त "जेवले का?" एवढंच बोललो.

मग एका श्रावणाच्या तोंडावर यावलकडचा एक वेफरवाला माझ्याकडे आला. आपल्याकडे श्रावण लागला की उपवासाच्या केळी वेफर्सवाल्यांना उसंत नसते, कढई दिवसभर उतरत नाही. त्याच्या मशीनच्या गोल तबकडीवर स्क्रूने आवळलेली सरळ पाती असतात. वरून कच्चं केळं दाबायचं, खालून काप थेट तेलात. तो पाती काकांकडे द्यायचा. सकाळी लावलेली धार दुपारच्या घाण्याला गेलेली असायची. आधी त्याने पातीवाल्याला शिव्या घातल्या, नवी पाती आणली. नवी चांगली चालली, पण पहिल्यांदा धार लावून आणली की पुन्हा तेच. त्याने गल्ल्यावर रागाने पात्यांचं पुडकं आपटलं आणि सोबत वेफर्सची पिशवी. "भो, हा माल कोण घेईल?"

मी एक वेफर उचलून उजेडात धरला. एका बाजूला जाड, दुसरीकडे कडेपर्यंत पातळ. पातळ बाजू तळून लाल झालेली, जाड बाजू बोटाने दाबली तर वाकते. बोथट पातं केळं कापत नाही, ओढतं. म्हणून काप असा तिरका पडतो आणि तेलही जास्त पितो.

पात्यांवर केळीचा चीक वाळून काळा झालेला. तेल लावून खरवडला. समोरून पाती चकचकीत, बफ मारलेली. पण उलटी केली तर स्क्रूच्या भोकाच्या कडेला, जिथे बफ पोचत नाही तिथे, निळी कोर शिल्लक. मग बारीक कानस घेतली. धारेच्या अगदी कोपऱ्याला कानस नुसती घसरली, काचेवरून घसरावी तशी, म्हणजे तिथे पोलाद अजून कडक. धारेच्या मध्यभागी आणली तर कचकन धरली, म्हणजे तिथे मऊ. वेफरवाल्याच्या हातात कानस दिली आणि म्हटलं, तूच बघ. त्याने दोनदा फिरवली, काही बोलला नाही, फक्त कुठे लावून आणलं होतं ते नाव घेतलं. मला माहीत होतंच.

ती मऊ झालेली कड पूर्ण उतरवावी लागली. पाण्याच्या दगडावर हे रटाळ काम आहे, त्यात खोटं बोलण्यात अर्थ नाही. वेफरचं पातं एकाच बाजूने उतरतं घासलेलं असतं, मागची बाजू सपाट. आधी उतरत्या बाजूला मार्कर फासायचा, पातं जिगमध्ये, म्हणजे ठरल्या कोनात धरणाऱ्या पकडीत, आवळायचं, दगड हाताने एक फेरा फिरवायचा आणि शाई कुठून गेली ते बघायचं. फक्त टोकाची गेली तर कोन जास्त, फक्त मागची गेली तर कमी. सगळीकडून सारखी गेली की मग मोटर चालू. मागच्या बाजूला बोटाला बर, म्हणजे घासताना उलटलेली पोलादाची बारीक कड, लागली, अगदी या टोकापासून त्या टोकापर्यंत, की दगडाचं काम झालं. मग दगडाला ग्रेडिंगचा ठोकळा लावून तो बारीक करायचा. मूळ दगड २२० ग्रिटसारखा कापतो, ठोकळ्याने १००० सारखा होतो. शेवटी चामड्याच्या चाकावर पेस्ट लावून बर काढायची. चामड्यावर धार नेहमी फिरण्याच्या दिशेकडे ठेवायची, उलटी धरली तर चामडंच कापलं जातं.

पाती पुढच्या आठवडे बाजारापर्यंत टिकली. तेव्हापासून त्याचं काम माझ्याकडे आहे.

बातमी काकांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. ते स्वतः आले. एक पातं उचललं, अंगठा आडवा फिरवला, नखावर टेकवून बघितलं. म्हणाले, "हात मीच शिकवला तुला. यात मशीनने काय केलं?"

हात त्यांचा आहे, ते मान्य. पण मी विचारलं, काका, तुम्ही शिकलात कशावर? आजोबांच्या पायाने फिरवायच्या सराणीवर. तिच्यावर तारेने डबा टांगलेला असायचा, त्याच्या बुडाला खिळ्याने पाडलेलं भोक, आणि थेंब थेंब पाणी दगडावर. पायाने सराण फिरवणार तरी किती जोरात? म्हणजे हळू फिरणारा ओला दगड घरात आधी होता, कोरडा सुसाट दगड नंतर विजेच्या मोटरबरोबर आला. मी नवं काय आणलं? त्यावर काका म्हणाले, "तेव्हा मोटर नव्हती म्हणून." आणि निघून गेले. यावर तुम्हीच सांगा काय बोलायचं.

खरं तर काकांनी स्वतः लावलेली धार कोरड्या दगडावरही निळी व्हायची नाही. प्रत्येक ओढीनंतर पातं पाण्यात, हात हलका, नजर टोकावर. पण ते आता गल्ल्यावर बसतात आणि दगडावर पोरं असतात. पोरांना ठिणग्या आवडतात. तुम्हीही पुढे पोरगं ठेवणारच. पाण्याच्या मशीनवर पोराने कोन चुकवला तर तो दुरुस्त होतो. कोरड्यावर त्याने पाणी उतरवलं तर गिऱ्हाईकाचं पातं दोन मिलिमीटरने कमी करूनच सुटका.

मशीन घेतलंत तर आपल्या भागापुरतं थोडं सांगतो. नवा किंवा वाळलेला दगड आधी पाणी पितो. ट्रे भरला, दोन मिनिटांत पातळी खाली जाते, पुन्हा भरा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना दिवसभर ट्रेकडे लक्ष ठेवावंच लागतं. काम झालं की ट्रे खाली काढा. दगड रात्रभर अर्धा पाण्यात उभा राहिला तर एकीकडे पाणी धरून जड होतो आणि सकाळी डुगडुगत फिरतो. बोअरचं जड पाणी वापरू नका, पांढरा थर बसतो. ट्रेमधला पोलादाचा गाळ मोरीत ओतू नका, सुकवून कचऱ्यात टाका. पातं देताना कोरडं पुसून तेलाचा हात फिरवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी गंजाचे ठिपके घेऊन गिऱ्हाईक दारात. मोठ्या मशीनची मोटर २०० वॅटची असते, त्यामुळे लाईट गेली तरी घरच्या इन्व्हर्टरवर काम चालू राहतं.

शिंप्याची कातर हे वेगळंच प्रकरण. आतली बाजू किंचित खोलगट असते, तिला दगड दाखवायचा नाही. ती सपाट केली की कातर कापडाला चावते आणि पुन्हा कधी नीट बसत नाही. अर्ध्या खानदेशातल्या कातऱ्या याच कारणाने मेल्या आहेत. फक्त बाहेरचा उतार घासायचा.

आता काकांच्या बाजूने, कारण नंतर कुणीतरी खाली येऊन लिहीलच. केळीच्या बागेतला कोयता, कुऱ्हाड, कुदळ यांना पाण्याचा दगड नको. वेळ जातो आणि दगड झिजतो. तिथे कोरडा दगड किंवा बेल्ट, हलक्या हाताने, पाण्याचा डबा शेजारी ठेवून. सत्तूरला मोठा दात पडला असेल तर आधी कोरड्यावर दात काढा, मग पाण्यावर धार. सुतारांच्या रंधा मशीनची पाती एचएसएसची, म्हणजे हाय स्पीड स्टीलची, असतील तर निळ्या रंगाने फारसं बिघडत नाही, ते पोलाद ५०० अंशांपर्यंत कडकपणा सोडत नाही. घरची विळी आतून वाकडी, मोठ्या दगडाचा पसारा तिच्यात शिरत नाही. दगडाच्या कोपऱ्यावर जमेल तेवढं करा, बाकी हाताचा गोल दगड. म्हणजे बेंच ग्राइंडरही लागणारच, तो स्वस्त आहे, कोपऱ्यात ठेवा. फक्त दुकानाच्या दर्शनी भागात नको.

रोजचं किती सुटतं ते मी सांगणार नाही, कारण माझं आणि तुमचं सारखं नसेल. रस्त्यावरच्या सुऱ्या मोजून पोट भरत नाही. हॉटेलं, खाटीक, शिंपी, पार्लर, वेफरवाले असे महिन्याला येणारे धरा. पाती घेऊन जायची, बदली पाती देऊन यायची, नगावर पैसे. मशीन घ्यायचंच असेल तर पितृपक्षाच्या आधी हातात येऊ द्या. खंडेनवमीला हत्यारं पूजेत बसतात, म्हणून सुतार मंडळी त्याआधीच्या आठवड्यात सगळ्या पटाश्या आणि रंध्याची पाती एकदम आणून टाकतात. तेवढ्यात हात बसतो. दर आधी बोलून घ्या, सुतारांशी नंतर बोलायला गेलात तर वाद होतो.