वाचक विचारतात: ईएमटीचा कोर्स सुरू होण्याआधी

बारावी सायन्स झाली. ईएमटीचे (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, म्हणजे रुग्णवाहिकेत तातडीचे उपचार करणारा तंत्रज्ञ) वर्ग दोन महिन्यांनी सुरू होतील. तोवर काय वाचू? (जालना)

वाचण्याआधी लस घ्या. हिपॅटायटिस बीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिने अशा अंतराने असतात. कॅज्युअल्टीत (हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात) पाय ठेवलात की सुया आणि रक्ताशी संबंध येणारच. पुष्कळ मुलं हॉस्पिटलने प्रमाणपत्र मागेपर्यंत थांबतात आणि एकाच डोसवर पोस्टिंगला जातात. आज पहिला घेतलात, तर वर्ग भरेपर्यंत दोन होतील. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर (लस लागू पडली का ते सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या. आकडा १० च्या खाली आला तर पुढचे डोस डॉक्टरांना विचारून ठरवा. लहानपणी लस झाली असेल, तर कार्ड शोधा आणि टायटर तेव्हाही करा. शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन दहा वर्षं होत आली असतील, तर तेही उरका.

मग घरातच मोजायला लागा. मोठ्या माणसाची विश्रांतीतली नाडी मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २०. श्वास पूर्ण मिनिटभर मोजा, पण मोजताय हे सांगू नका; बोटं मनगटावर नाडी बघत असल्यासारखी ठेवा. कळलं की माणसाचा श्वास बदलतो. बीपी मात्र डिजिटल यंत्रावर शिकू नका, कारण धक्के खाणाऱ्या गाडीत ते चुकतं. हाताने फुगवायचा कफ (दंडाला बांधायचा पट्टा) आणि स्टेथोस्कोप घ्या. आधी मनगटाची नाडी लागेनाशी होईपर्यंत कफ फुगवा, त्यावर आणखी ३० मिमी चढवा, मग सेकंदाला दोन-तीन मिमी इतक्या सावकाश हवा सोडा. नवशिक्याची हवा भसकन सुटते आणि पहिला ठोका ऐकायचाच राहतो. जाड दंडाला लहान कफ बांधला तर बीपी खोटं जास्त दिसतं, दंड हृदयाच्या पातळीखाली लोंबत असला तरी तेच. महिन्याभरात पन्नास-साठ लोकांची बीपी घ्या, कान तयार होतो.

सीपीआरचा (हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्याचा) सराव केला, पण दीड मिनिटात हात गळतात. व्यायाम कोणता करू? (कराड)

बहुधा ताकद कमी नाही, बसण्याची पद्धत चुकते आहे. गुडघे सरावाच्या पुतळ्याला जवळजवळ टेकवा, खांदे तळहातांच्या बरोबर वर आणा, कोपरं सरळ ठेवा आणि कमरेतून वजन टाका. कोपरं वाकली की सगळं काम दंडावर येतं. दाब ५ ते ६ सेंमी खोल, मिनिटाला १०० ते १२०. मोबाइलवर मेट्रोनोम (ठराविक वेगाने ठेका देणारं अ‍ॅप) ११० वर लावून सराव करा, कारण घाईत वेग १४० वर जातो आणि खोली कमी पडते. दुसरी चूक डोळ्यांना दिसत नाही: दोन दाबांच्या मधे छातीवर रेलून राहणं. छाती पूर्ण वर आली नाही तर हृदयात रक्त परत भरत नाही, मग पुढचा दाब वाया जातो. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा हा नियमच आहे, दमल्यावर बदलायचं असं नाही.

व्यायाम हवा तो स्ट्रेचरसाठी. चाळीचा अरुंद जिना पाठीची परीक्षा घेतो. दोन बादल्यांत प्रत्येकी १५ लिटर पाणी भरून जिना चढा-उतरा, रोज पाच फेऱ्या. उचलताना बसून उठा, कमरेत वाकू नका, आणि वजन हातात असताना कंबर पिळू नका. मणका तिथेच दुखावतो.

ऑक्सिजनचं गणित कठीण वाटतं. सोपं करून सांगाल? (वेंगुर्ला)

सिलिंडरची पाण्याची क्षमता (आत किती लिटर पाणी मावेल) गुणिले मीटरवरचा दाब (बारमध्ये), की आतल्या ऑक्सिजनचे लिटर मिळतात. बी टाइप सिलिंडर १० लिटरचा, पूर्ण भरल्यावर दाब साधारण १५०, म्हणजे १,५०० लिटर ऑक्सिजन. समजा काटा १०० वर आहे. त्यातले २० राखीव म्हणून सोडून द्या, उरले ८०, म्हणजे ८०० लिटर. मिनिटाला १० लिटर सोडलात तर ८० मिनिटं. घाट लागणार असेल, तर रुग्ण गाडीत घेण्याआधीच हा हिशेब झालेला हवा. नॉन-रिब्रीदर मास्क (ऑक्सिजन साठवणारी पिशवी जोडलेला मास्क) लावताना आधी पिशवी पूर्ण फुगू द्या, मगच चेहऱ्यावर ठेवा. रेग्युलेटरला तेल किंवा ग्रीस कधीही लावू नका, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते पेट घेतं. व्हॉल्व्ह सावकाश उघडा.

कोर्स झाल्यावर महाराष्ट्रात १०८ वर काम मिळेल ना? (परभणी)

याच भरवशावर फी भरू नका. महाराष्ट्रात १०८ सेवा २०१४ मध्ये सुरू झाली ती गाडीत डॉक्टर ठेवूनच, बहुतेक बीएएमएस किंवा बीएचएमएस. गोव्याच्या १०८ वर मात्र ईएमटी असतात. आपल्याकडे खासगी हॉस्पिटलांच्या रुग्णवाहिका, कॅज्युअल्टी आणि कारखान्यांची वैद्यकीय केंद्रं इथे काम शोधावं लागतं.

प्रवेशाआधी संस्थेला तासांचा हिशेब विचारा. २०२१ च्या केंद्रीय कायद्यात अलाइड हेल्थ प्रोफेशनलसाठी (आरोग्यसेवेतल्या तंत्रज्ञांसारख्या कर्मचाऱ्यांसाठी) किमान २,००० तासांचा, दोन ते चार वर्षांचा डिप्लोमा किंवा पदवी धरली आहे. तीन-सहा महिन्यांचं प्रमाणपत्र त्या मापात बसत नाही. शिवाय विचारा: रुग्णवाहिकेत प्रत्यक्ष किती तास, कॅज्युअल्टीत किती, एका पुतळ्यामागे किती विद्यार्थी? उत्तर लेखी मागा.