शब्द ओठांवर येऊन अडतो तेव्हा

"मॅडम, मला विसरायचा आजार तर लागला नाही ना?" खुर्चीत टेकायच्या आधीच बाईंनी विचारलं. फोंडा तालुक्यातल्या मराठी शाळेत त्या शिकवतात, देवळाच्या उत्सवातल्या नाटकात वीस वर्षं काम करतात. यंदा तालमीत तोंडपाठ वाक्य अडलं. वर्गात 'डस्टर' आठवेना; "ते... पुसायचं दे" म्हणाल्या, मुलं हसली.

मी ते ताणावर ढकललं. चुकलंच माझं. दुसऱ्या भेटीत त्या सहज बोलून गेल्या, "हल्ली लिंबू सोडासुद्धा पचपचीत लागतो. बोटांना मुंग्या येतात त्या वेगळ्याच." तेव्हा कुठे मी गोळ्यांचं विचारलं. अर्धशिशीचे झटके टाळायला टोपिरामेट हे औषध चालू होतं, डोस नुकताच वाढवलेला. मुंग्या, सोड्याची बदललेली चव, न सापडणारे शब्द, हे तिन्ही या औषधाचे माहितीतले परिणाम. डोस उतरवला की बहुधा ओसरतात.

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं, दुखणं कमी आहे का? महिन्याला आठदा उठायचं, ते तीनवर आलं. ते इतके खूश झाले, मग तक्रार कुठल्या तोंडानं करू?"

हे मी अनेकांकडून ऐकते. डोकं दुखत नाही ना, मग बाकीचं सोसायचं!

"मग बंदच करते," त्या म्हणाल्या. त्याला मात्र मी अडवलं. औषध मनानं तोडलं की झटके पुन्हा उसळू शकतात, आणि हात वेदनाशामकाकडे जातो. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, ट्रिप्टान (अर्धशिशीचा झटका थांबवायची खास गोळी) १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं तर गोळीच डोकेदुखी लावून देते. बाईंच्या पर्समध्ये अशी पाकिटं पूर्वी कायम असत.

एक वही घालायला सांगितली. डोकं कधी दुखलं ते एका बाजूला, गोळीपायी काय हुकलं ते दुसऱ्या. "वर्गात चारदा अडले. तालमीला गेलेच नाही." डॉक्टरांनी वही वाचली, दमा नाही ना याची खात्री केली, कारण दम्यात पुढचं औषध चालत नाही, आणि टोपिरामेट हळूहळू उतरवून झटके टाळायचं दुसरं औषध, प्रोप्रानोलॉल, सुरू केलं.

आता हात गार पडतात, देवळाच्या पायऱ्या चढताना दमायला होतं, महिन्याला पाच झटके येतात. "पाच परवडले," त्या म्हणतात. नाटकात छोटी भूमिका घेतली आहे. प्रॉम्प्टरला तेवढं विंगेत जवळ उभं राहायला सांगितलंय.